जँगो राइनहार्ट: आधी बोटं मोजायची की आधी ऐकायचं?

हिंजवडीचा हमाल (धागाकर्ता)

गेली सात वर्षं माझं पोट जँगोवर चाललंय. पायथनमध्ये वेबसाइटी बांधायचं जे सॉफ्टवेअर असतं ना, ते. हे नाव कशावरून आलं हे सात वर्षांत एकदाही शोधलं नाही, त्याची लाज गेल्या आठवड्यात वाटली.

झालं असं की ऑफिसात एक प्रेरणा-सत्र होतं. बाहेरून बोलावलेले सर. पडद्यावर एक बारीक मिशीवाला माणूस, हातात गिटार. सर म्हणाले, ह्याची दोन बोटं जळाली तरी हा जगातला अव्वल गिटारवादक झाला, आणि तुम्ही दहा बोटं असून डेडलाइन चुकवता! टाळ्या. पुढची स्लाइड. त्याने वाजवलेलं एक सेकंदही ऐकवलं नाही.

घरी येऊन शोधाशोध केली. जँगो राइनहार्ट, जन्म २३ जानेवारी १९१०, बेल्जियममधलं लिबर्शी गाव, भटक्या रोमा कुटुंबाचा तांडा. बालपण पॅरिसच्या वेशीबाहेरच्या तांड्यांत. बाराव्या वर्षी हातात बँजो आला. १९२८ मध्ये, अठराव्या वर्षी, राहत्या गाडीला आग लागली. बायको बेला विकायला सेल्युलॉइडची फुलं करायची, त्यांचा ढीग आत होता, त्यावर मेणबत्ती पडली. डावा हात आणि उजवा पाय भाजला. पाय कापायचं म्हणत होते, त्याने नाही म्हटलं. दीडेक वर्षं दवाखान्यात. १९३४ मध्ये हॉट क्लब ह्या पॅरिसच्या जॅझ-मंडळाचा पाच जणांचा ताफा. १९५३ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी गेला.

आणि आमचं सॉफ्टवेअर: अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्रात २००३ साली दोन पोरांनी ते लिहायला घेतलं. त्यातला एक स्वतः गिटार वाजवणारा, ह्याचा भक्त. म्हणून जँगो.

प्रश्न दोन. बोटं जळाली म्हणून तो असा वाजवू लागला, की नसती जळाली तरी असाच वाजवला असता? आणि मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, तर सुरुवात कुठून करू?

व्हीटी ते विरार

चणे-फुटाणे घेऊन बसलोय. होऊ द्या.

नाठाळ नाना

उत्तर सरळ आहे. बोटं शाबूत असती तर तुमच्या सरांनी त्याची स्लाइड केली नसती, तुम्ही शोधलं नसतं आणि हा धागा निघाला नसता. लोकांना गाणं नको असतं, गोष्ट हवी असते.

बाकी जॅझ म्हणजे पाच जणांनी एकाच वेळी वाट चुकणं, हे माझं जुनं मत कायम आहे.

गिटार गोंद्या

नाना, तुमच्या दुसऱ्या वाक्यावर नंतर भांडतो.

हमाल, आधी एक दुरुस्ती. बोटं तुटली नव्हती. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडून तळव्याकडे वळली होती. सोलो वाजवताना तर्जनी आणि मधलं बोट, एवढाच कारभार. कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे अनेक सूर, धरताना मात्र ती आखडलेली बोटं बारीक तारांवर टेकवायचा आणि जाड तारेसाठी अंगठा मागून वर काढायचा. तीसच्या दशकाच्या अखेरची एक छोटी फिल्म आहे, तिच्यात हात जवळून दिसतो. जरूर बघा.

आता मुद्दा. चार बोटांचा माणूस हात एका जागी ठेवून सगळ्या तारांवर हिंडतो. दोन बोटांच्या माणसाला ते परवडत नाही, त्याला गिटारीच्या मानेवरून वर-खाली पळावं लागतं. जँगोच्या ताना खालून निघून टोकापर्यंत सरसर चढतात ना, त्या ह्या पळापळीतून आल्यात. काही ठिकाणी तर एकच बोट पडद्यामागून पडदा ओलांडत घसरत नेलंय, मधला एकही सूर न गाळता. तेव्हा नाना, डाव्या हाताची भाषा आगीने बदलली हे मला मान्य.

पण अर्धं काम उजव्या हाताचं आहे. मनगट वाकवलेलं, हात गिटारीला न टेकता अधांतरी, तार छेडायची जाडजूड पट्टी म्हणजे पिक, आणि तार बदलली की फटका वरून खालीच. हे तो पॅरिसच्या नाचघरांत शिकला. तिथे अकॉर्डियन कोकलत असायचा, त्याच्यावर मात करून ऐकू जायचं तर असाच फटका लागतो. आणि उजव्या हाताला तर काही झालंच नव्हतं!

काल रात्री अनामिका आणि करंगळी चिकटपट्टीने बांधून जँगोची 'मायनर स्विंग' ही चाल काढायला बसलो. सुरुवातीच्या दोन ओळींना चाळीस मिनिटं. बायको म्हणाली, तीच पट्टी तोंडाला लाव म्हणजे निदान तुझं 'थांब थांब, आत्ता येईल' तरी बंद होईल.

खर्जातला सा

गोंद्याशी सहमत, पण आणखी एक पाऊल मागे जाऊ.

आगीआधीचा जँगो कोण होता? १९२८ मध्येच अकॉर्डियनवाल्यांच्या साथीला त्याच्या तबकड्या निघाल्या होत्या. त्यांवर त्याचं नाव धड छापलेलंही नाही, कारण त्याला स्वतःला ते लिहिता येत नव्हतं. त्याच वर्षी जॅक हिल्टन नावाचा बडा इंग्लिश बँडवाला त्याला ऐकायला खास आला आणि नोकरी देऊ केली. लंडनला जायच्या आतच आग लागली. म्हणजे अठराव्या वर्षी हा पोरगा दहा बोटांवर विलायतेला निघालाच होता.

आगीनंतरची दुसरी गोष्ट स्लाइडवर कधी येत नाही. थोडा बरा झाल्यावर भाऊ जोसेफ आणि तो दक्षिणेला तूलाँच्या बाजूला भटकत होते. तिथे एमिल साविट्री नावाच्या चित्रकाराने ह्यांना घरी नेऊन तबकड्या ऐकवल्या. आर्मस्ट्राँग, एलिंग्टन, अमेरिकन जॅझचे बादशहा. आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट ऐकून जँगो डोकं धरून रडला असं सांगतात. मला विचाराल तर त्याचं आयुष्य त्या खोलीत बदललं. आगीने त्याला हात कसा धरायचा ते नव्याने शिकायला लावलं. काय वाजवायचं ते त्या तबकड्यांनी शिकवलं.

आजीबाईचा बटवा

पुरुषहो, बोटांवर एवढं चाललंय, त्या बेलाचं काय? फुलं तिने केली, घर तिचं जळलं, आणि गोष्टीत ती मेणबत्तीपुरती.

व्हीटी ते विरार

आजी +१

खर्जातला सा

आजी, टोला बरोबर बसला. तिच्यापासून त्याला एक मुलगा झाला, लूसाँ. तोही पुढे गिटार वाजवायचा. आगीनंतर दोघं वेगळी झाली. मग नागीन नावाची बाई आयुष्यात आली, १९४३ मध्ये लग्न, १९४४ मध्ये मुलगा बाबिक. तोही गिटारवालाच.

नाठाळ नाना

नागीन?! आणि इतका वेळ कोणी बोललं नाही?

शब्दशोध्या

नाना, त्या नावाचा आपल्या नागिणीशी संबंध जोडू नका, ते लाडाचं नाव आहे. पण शब्दांचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर.

जँगोचे लोक स्वतःला 'मानुश' म्हणवतात. अर्थ? माणूस. बस्स. रोमानी भाषा भारतातून हजारेक वर्षांपूर्वी निघाली. वाटेत इराणी, आर्मेनियन, ग्रीक सगळं अंगाला लागलं, पण गाभा तोच राहिला. पाणी म्हणजे पानी, नाक म्हणजे नाख, कान म्हणजे कान, काळा म्हणजे कालो, आणि आग म्हणजे याग. ही भाषा मराठीची मुलगी नाही बरं का, लगेच अभिमानाचे फेटे बांधू नका. फार तर लांबची चुलत बहीण.

आणि 'जँगो'? मूळ नाव जाँ. जँगो हे घरातलं, आणि त्याचा अर्थ 'मी जागा होतो' असा सांगतात. रोमानीतलं ते 'जंग' आणि आपलं 'जाग' एकाच मुळाचे.

एक विनंती. 'जिप्सी' शब्द त्या समाजातल्या बऱ्याच जणांना टोचतो. 'रोमा' किंवा 'मानुश' म्हणू या.

हिंजवडीचा हमाल

म्हणजे सात वर्षं मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत होतो ते नावातच होतं! ऑफिसात हे सांगणार.

मांडवीकाठचा

माझे आजोबा मुंबईत हॉटेलांच्या बँडांत व्हायोलिन वाजवायचे. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड ताजमध्ये आला, तेव्हापासून मुंबईला ह्या संगीताचं वेड लागलं असं ते सांगायचे. मग आमचे गोंयकार पुढे सरसावले. चिक चोकोलेट, म्हणजे आंतोनियो शाव्हियेर वाझ, ह्याला तर लोक मुंबईचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे.

आजोबांकडे हॉट क्लबच्या दोन तबकड्या होत्या. एकीला काठावर कपची गेली होती, सुई नेहमी थोडी आत ठेवावी लागायची. जँगोवर त्यांचा राग होता हो! कारण ऐका. आमच्याकडे चर्चच्या शाळेत लहानपणापासून नोटेशन घोटून घेतात. वाचता येतं तोच बँडात टिकतो. आणि हा माणूस नोटेशन सोडा, अक्षरही न वाचणारा, मनात आलेली चाल साथीदाराला वाजवून दाखवणार आणि तो उतरवून घेणार. "आमी जल्मभर कागद वाचले, आनी हो पळय (हा बघ)," एवढं बोलून परत तीच तबकडी लावायचे.

आजोबांचा जीव खरा ग्राप्पेलीवर. स्टेफान ग्राप्पेली, त्या ताफ्यातला व्हायोलिनवाला. १९३४ मध्ये पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात दोघं एकाच बँडात होते. म्हणे एकदा ग्राप्पेलीची तार तुटली, तो पडद्यामागे नवी तार लावून सूर जुळवत काहीतरी वाजवू लागला, जँगोने ते उचललं आणि तिथून जोडी जमली.

गिटार गोंद्या

वा! आणि त्या ताफ्यात ड्रम नव्हता हे विसरू नका. तीन गिटारी, एक व्हायोलिन, एक डबल बेस. ताल कोण धरणार? मागच्या दोन गिटारी. तारांवर असा तुटक फटका की दर दुसऱ्या मात्रेला चाबूक बसावा. ह्याला फ्रेंचमध्ये 'पोंप' म्हणतात, म्हणजे पंप. गावात हातपंप हापसताना दांडा खाली जातो आणि वर येताना खट्ट वाजतं ना, अगदी तसंच. भाऊ जोसेफ वर्षानुवर्षं हेच हापसत बसला. सोलो सगळे थोरल्याचे.

गिटारीबद्दलही सांगतो. मारिओ माक्काफेर्री नावाच्या इटालियन माणसाने सेल्मर कंपनीसाठी १९३२ मध्ये ती आखली. वर्षभरात कंपनीशी बिनसलं आणि तो बाहेर पडला. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने काय केलं? कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे!

फ्रान्सवाली मावशी

उशिरा आले. आम्ही पॅरिसजवळ राहतो, लेक गिटार शिकते म्हणून हे घरात सतत चालू असतं.

जँगोची सेल्मर, क्रमांक ५०३, पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. नागीननेच ती देऊन टाकली. काचेआड बघताना मला आधी गिटारीचं तोंड, म्हणजे मधलं भोक, दिसलं, मांजराच्या डोळ्याएवढं लंबगोल. पुढची पाटी पिकच्या ओरखड्यांनी खरवडलेली. लेक म्हणाली, आई, मी एवढे ओरखडे पाडले असते तर तू मारलं असतंस.

गेल्या उन्हाळ्यात समोआ-सुर-सेनला गेलो होतो. फोंतेनब्लोच्या जंगलाला लागून नदीकाठचं छोटं गाव. शेवटची दोन वर्षं तो तिथे होता. मासे धरायचे, बिलियर्ड खेळायचं, चित्रं काढायची. गिटार महिनोन्महिने बाजूला. १६ मे १९५३ ला आगगाडीने आला, स्टेशनवरून चालत आला आणि कॅफेपाशी कोसळला. मेंदूत रक्तस्राव. नदीकडे बघत बसलो होतो तेव्हा शेजारच्या बाकावर एक आजोबा गळ टाकून बसले होते. दीड तासात एकही मासा नाही आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला जँगो तिथे कळला असं म्हणणार नाही, पण तो पॅरिस सोडून इथे का आला हे विचारायची गरज उरली नाही.

नाठाळ नाना

मावशी छान. आता मी जरा काडी टाकतो.

महायुद्धात हा माणूस कुठे होता? जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, भर मैफिलीत. तिकडे हिटलर रोमा लोकांना छावण्यांत मारत होता, आणि इकडे ह्यांच्या समोर जर्मन अधिकारी टाळ्या वाजवत होते. पैसा, कीर्ती, सगळं त्याच वर्षांत. ह्यावर स्लाइड आहे का?

खर्जातला सा

प्रश्न रास्त आहे, सूर नाही.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध पुकारलं तेव्हा ताफा लंडनमध्ये होता. ग्राप्पेली तिथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट घेतलं आणि १९४० मध्ये 'न्युआज' ध्वनिमुद्रित केलं. न्युआज म्हणजे ढग. ताब्यातल्या पॅरिसमध्ये ते घरोघरी गुणगुणलं गेलं. हे सगळं खरं.

पण पर्याय काय होते ते बघा. फ्रेंच सरकारने भटक्यांच्या हिंडण्यावर बंदी घातली ती एप्रिल १९४० मध्ये, जर्मन पॅरिसला पोचायच्या आधी. त्याही आधी, १९१२ च्या कायद्याने, भटक्यांना मोजमापं आणि बोटांचे ठसे असलेली वही जवळ बाळगावी लागे. आपल्याकडचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा, पोलिसांत हजेरी आठवा. आपल्या पारधी, कैकाडी मंडळींना ही वही वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

युरोपभर रोमांचा संहार झाला. मेलेल्यांचा अंदाज २ ते ५ लाखांचा आहे. ह्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं म्हणून हा वाचला. १९४३ मध्ये स्वित्झर्लंडला निसटायचा प्रयत्न केला, तो फसला आणि परत त्याच मंचावर उभं राहावं लागलं. त्याच काळात त्याने आपल्या लोकांसाठी चर्चमध्ये म्हणायची एक मोठी रचना हाती घेतली होती. अपुरीच राहिली.

नाठाळ नाना

वहीचं माहीत नव्हतं. काडी परत घेतो. पेटलेली आहे, सांभाळून.

व्हीटी ते विरार

गंभीर झालं सगळं. त्याचे उशिरा येण्याचे किस्से आहेत ना? एखादा टाका कोणीतरी.

गिटार गोंद्या

एकच टाकतो, तोच पुरेल. १९४६ च्या अखेरीस ड्यूक एलिंग्टनने अमेरिकेच्या दौऱ्यावर बोलावलं. साहेब गिटार न घेताच गेले! कल्पना अशी की अमेरिकन कंपन्या विमानतळावर गिटारी घेऊन रांगेत उभ्या असतील. कोणी नव्हतं. उसनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन वाजवलं. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दोन रात्री होत्या. पहिली गाजली. दुसऱ्या रात्री वाटेत फ्रेंच मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दां भेटला, गप्पा रंगल्या, आणि हा पोचला तो कार्यक्रम संपता संपता.

आजीबाईचा बटवा

आमच्याकडचे गवई निदान तंबोरे लावत उशीर करतात.

मेटलवेडा

आमच्या पंथाचं एक सांगून जातो. ब्लॅक सबाथ ह्या हेवी मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. गिटार सोडणार होता. कारखान्यातल्या वरिष्ठाने जँगोची तबकडी आणून ऐकवली आणि मग सांगितलं की हा दोन बोटांनी वाजवतोय. आयोमीने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे तारा ढिल्या लावल्या, आणि हेवी मेटलचा तो जड आवाज आला. म्हणजे जँगो नसता तर आम्ही आज भजनं ऐकत असतो.

कारखाना दुसरी पाळी

मी इथे नुसता वाचतो, लिहीत नाही. पण वरचं वाचून राहवलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी प्रेस मशीनवर माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट दोन पेरं गेलं. मशीनचं सेन्सर बंद करून ठेवलं होतं, काम उरकायचं म्हणून. असो. मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, आधीपासून. बोट गेल्यावर सहा महिने पेटीला हात लावला नाही. नंतर बसलो तेव्हा मधल्या बोटाचं काम अनामिकेवर टाकलं. ती आळशी असते, ऐकत नाही. अजूनही द्रुत लयीत गौळण आली की एक सूर मी गाळतो. गाळतो हे मला कळतं, पखवाजवाल्याला कळतं.

आता सांगायचं ते हे. पूर्वी मी चुकलो की आमचे बुवा भर भजनात माझ्याकडे डोळे वटारून बघायचे. आता बघत नाहीत. सगळे म्हणतात, बोट नसताना किती छान वाजवतो! चुकलो तरी छान. त्या सरांच्या स्लाइडवर हमालभाऊंना राग आला ना, मला तो दर गुरुवारी येतो.

त्या जँगोला ग्राप्पेली डोळे वटारून बघायचा का? तेवढं कोणी सांगा.

खर्जातला सा

दादा, ह्या धाग्यावरचा सर्वांत मोलाचा प्रतिसाद.

आणि हो, बघायचा. ग्राप्पेली शिस्तीचा माणूस, हा बेभरवशाचा. वेळेवरून, पैशावरून दोघांची सतत धुसफूस. युद्धानंतर १९४६ मध्ये लंडनला भेटले, १९४९ मध्ये रोममध्ये पुन्हा भरपूर ध्वनिमुद्रण केलं. ग्राप्पेली १९९७ पर्यंत जगला, एकोणनव्वद वर्षं, आणि अखेरपर्यंत वाजवत राहिला. आपल्या एल. सुब्रमण्यमबरोबरही त्याची तबकडी आहे.

हिंजवडीचा हमाल

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. ऐकलं.

सुरुवात 'मायनर स्विंग'ने केली, १९३७ चं. पहिल्यांदा फक्त घाई ऐकू आली. चौथ्या-पाचव्यांदा मागच्या गिटारींचा हातपंप कळायला लागला, मग पुढचा सोलो त्याच्यावर कसा झुलतो ते कळलं. 'न्युआज' रात्री लावलं. सुरुवातीला एक चमत्कारिक, जरा वाकडी ओळ आहे, तिथे वाटलं फाईल बिघडली. मग गिटार एक सूर लांबवते आणि तो किंचित थरथरतो. तिथे मी बोटं मोजत नव्हतो हे नंतर लक्षात आलं.

मग एप्रिल १९५३ चं, शेवटचं ध्वनिमुद्रण. इलेक्ट्रिक गिटार, सूर वेगळेच, तरुण पोरांची साथ. मला ते अजून पचलं नाही. पण मरणाच्या महिनाभर आधी हा नवीन काहीतरी शोधत होता एवढं ऐकू येतं.

पहिल्या प्रश्नावर माझं मत आता गोंद्याच्या उजव्या हाताकडे झुकलंय. आणि दुसरी पाळीवाले दादा, तुमच्या भजनाला एखाद्या गुरुवारी येऊ का? पत्ता निरोपातून कळवा. डोळे वटारायची जबाबदारी माझी.

कारखाना दुसरी पाळी

या. पण तुम्हाला गाळलेला सूर कळला पाहिजे, नाहीतर उपयोग काय!

नाठाळ नाना

मीही येतो. दोघांनाही कळला नाही तर पखवाजवाला खुणेने सांगेल.

गिटार गोंद्या

ताजी खबर: चिकटपट्टी सोडली. आता चारही बोटांनी 'मायनर स्विंग' वाजवतोय. काही फरक नाही. सोसायटीचे सेक्रेटरी दोन्ही वेळेला साडेदहालाच आले.